साठ तर हायतच की त्यात

"बाबा, मेंढ्या किती?"

"हायत की चार-दोन."

पालाच्या मागं मी ईश्वरीला घमेल्यात बसवून अंघोळ घालत होते, तिथं हे माझ्या कानावर आलं. मान लांब करून पाहिलं. बांधाला मोटारसायकल उभी होती आणि माझ्याच वयाचा एकजण, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, चिखल चुकवत आत आला होता. त्याच्यासमोर माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, खांद्यावर घोंगडी, काठीवर हनुवटी टेकलेली. आणि त्यांच्या पाठीमागं खोपडे अण्णांच्या कापलेल्या भातखाचरांत, या बांधापासून त्या बांधापर्यंत, आमच्या मेंढ्या.

"चार-दोन?" तो हसला. "बाबा, मी पशुगणनेला आलोय. शिरसाट नाव माझं. मला आकडा लागतो."

"असतील तीसभर."

माझ्या हातातला तांब्या थांबला. तेवढ्यात ईश्वरीनं पाण्यावर चापट मारून मला भिजवलं.

"तीस? अहो, नुसत्या नजरेलाच शंभराच्या वर दिसतात."

"लांबनं जास्ती दिसत्यात. उन्हानं."

"मग जवळ जाऊन मोजतो."

मामांनी काठी आडवी धरली. रागानं नाही, निघालेल्या पाहुण्याला दारात अडवावं तशी. "मोजू नगासा. बसा हितं. " मग मला हाक दिली, "सारे, च्या टाक गं पाव्हण्यास्नी."

आम्ही मूळचे माण तालुक्यातले. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादून आमची माणसं भोरकडं निघतात. भात निघालेलं असतं, शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. मेंढ्यांचं खत पडतं, त्याबद्दल ते दाणे देतात. त्या वर्षी सासूबाईंचा पाय मोडला होता म्हणून भाकरी थापायला तळावर मी आले. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती, लग्नाला दीड. आणि कडेवर आठ महिन्यांची मुलगी.

मी चहा घेऊन गेले तोवर सौदा निम्म्यावर आला होता.

"बरं, नव्वद लिहितो."

"चाळीस लिवा."

"बाबा, ही काय मेथीची जुडी आहे का?"

"पंचावन. तुमचंबी ऱ्हाऊ द्या, माझंबी ऱ्हाऊ द्या."

माझा नवरा, मायाप्पा, बाजूला उकिडवा बसून काडीनं माती उकरत होता. त्याला बारावीला गणितात चांगले मार्क होते. पण त्यानं मान वर केली नाही.

शेवटी साठावर आलं. शिरसाटनं टॅबवर बोट टेकवलं आणि पुन्हा उचललं. "हे बघा, मला खोटं लिहायला लावू नका."

"खोटं कुटं?" मामा खरंच दुखावल्यासारखे म्हणाले. "साठ तर हायतच की त्यात."

मायाप्पाला हसू आवरलं नाही. शिरसाटही हसला. मीही पदराआड हसले. साठ होत्याच त्यात, हे काही खोटं नव्हतं.

"कोकरं?"

"गवताला तोंड लावंस्तवर कोकरू आमच्यात धरत न्हाईत."

"जमीन किती?"

"न्हाई."

"कुणाची वाट्यानं, खंडानं कसायला घेतलीय?"

"न्हाई. दुसऱ्याच्या रानात बसतो आन् उठतो."

शिरसाट टॅब वरखाली सरकवू लागला. "बसतो-उठतो ह्याला हितं जागाच नाही." मग त्यानं तो प्रश्न तसाच सोडला. "कामाची माणसं किती?"

"आमी दोघं. बापल्योक."

"आणि ह्या वहिनी?"

"ती सून हाय. ती हायच की."

"आणि हे बाळ?"

मामांनी ईश्वरीकडं पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडं नेली. "जावळ व्हायचंय अजून," म्हणाले. "च्या निवला तुमचा."

तर अशी त्या टॅबमध्ये आमची नोंद झाली: मेंढ्या साठ, जमीन नाही, माणसं दोन. ईश्वरी माझ्या कडेवर त्याच्या ओळखपत्राची दोरी ओढत होती.

मी पाण्याला निघाले तेव्हा शिरसाट मोटारसायकलपाशी थांबलेला होता.

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या दिसता."

"बी.ए."

"मग बाबांना समजावून सांगा. उद्या काही रोगराई आली, काही झालं, तर आधी हीच नोंद काढून बघतात. मी दोनएक दिवस ह्याच गावात आहे. खरा आकडा कळवा, मी दुरुस्त करून टाकतो. एकदा पुढं गेलं की माझ्या हातात राहत नाही."

त्यानं नंबर दिला. मी तो फोनमध्ये घातला. पण कळवणार काय होते? खरा आकडा मला ठाऊक नव्हता. मायाप्पालाही नव्हता. खुद्द मामांनाही नव्हता, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगली.

संध्याकाळी मेंढ्या वाघरीत, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणात, शिरताना मामा तोंडाशी उभे राहायचे. मेंढ्या ढकलाढकली करत आत जायच्या आणि ते म्हणायचे, "बांडी मागं ऱ्हायली." मायाप्पा ओढ्याकडं पळत जायचा आणि खरंच बांडी घेऊन यायचा. त्यांना प्रत्येकीचं तोंड ठाऊक होतं, आई ठाऊक होती, कुठल्या सालच्या दुष्काळात ती जगली तेही ठाऊक होतं. फक्त सगळ्या मिळून किती, हे त्यांनी कधी केलेलंच नव्हतं. नवी नवरी असताना मी एकदा बोट नाचवत मोजायला लागले होते. मामांनी माझं बोट हलकेच मुठीत धरून खाली केलं होतं, जसं लहान पोराच्या हातातलं सुरीचं पातं काढून घेतात.

मी मायाप्पाला म्हटलं, "अहो, आज आपण मोजूया ना. मी लिहून घेते."

"मला न्हाई जमायचं."

"बारावीला गणितात किती होते तुम्हाला?"

"ते गणित हुतं. ह्या मेंढ्या हायत."

मग मी मामांनाच विचारलं. ते भाकरी खात होते. त्यांनी ऐकून घेतलं, मध्येच थांबवलं नाही. मग म्हणाले, "पोरी, बिरोबानं राखायला दिल्यात. मोजतो त्यो धनी. आपुन धनी न्हाई." भाकरी मोडत पुन्हा म्हणाले, "माझ्या थोरल्या भावानं म्हसवडच्या बाजारात छाती पुढं काढून आकडा सांगितला हुता. त्याच साली देवी आली मेंढ्यांच्या खांडाला. वाघर मोकळी घिऊन घरी आला."

"ती साथ होती मामा. सगळ्यांच्याच मेल्या असतील."

"असतील," ते म्हणाले. "म्या काय न्हाई म्हंतो?" आणि ईश्वरीच्या हातावर भाकरीचा एवढासा तुकडा ठेवला. "हिलाबी म्या कदी म्हनलो का, नात झाली म्हणून? म्हंतो, पाव्हणी आलीया."

ते खरं होतं. ते तिला पाव्हणीच म्हणत.

मला मात्र मोजल्याशिवाय चैन पडत नसे. तिनं किती वेळा दूध घेतलं, किती लंगोट ओले केले, किती वेळा खोकली. गावच्या नर्सबाईंनी शिकवलं होतं, बाळ खोकलं की घड्याळ लावून छातीची हालचाल मोजायची. उघड्या रानात, वाऱ्यात, माझा जीव त्या आकड्यांना धरून असायचा. मामा ते बघायचे. मी फोन समोर धरून तिच्या छातीकडं टक लावून बसले की ते उठून दुसरीकडं जायचे.

दोन दिवस गेले. शिरसाट गावातून निघून गेला.

मार्गशीर्षात आमची कातरणी झाली. अंगावरची लोकर उतरली की मेंढी एकदम निम्मी दिसायला लागते, गुलाबी कातडी, लांबच लांब मान. कातरणीनंतरच्या आठवड्यात सकाळी आभाळ भरून आलं. खोपडे अण्णा बांधावरून ओरडले, "धुळाबापू, हे काय पावसाचं दिस हायत व्हय?"

"न्हाईत," मामा म्हणाले. ते आभाळाकडं बघत नव्हते. मेंढ्यांकडं बघत होते.

दुपारच्या आत पाऊस सुरू झाला. मोठा नव्हता. बारीक, आडवा, आणि त्याच्यामागून असा गार वारा की दातांवर दात राहीनात. आमचं पाल पहिल्या झपाट्यात उडालं. अण्णांच्या गोठ्यात त्यांच्याच जनावरांना जागा पुरत नव्हती. तरी त्यांनी गाभण्या दहाबारा आत घेतल्या. मायाप्पा शाळेकडं पळाला. शाळेला लांबरुंद व्हरांडा होता, पण फाटकाला कुलूप. किल्ली सरपंचाकडं, सरपंच भोरला लग्नाला. तो भिजून परत आला तेव्हा त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

"कुलूप तोडतो," तो म्हणाला.

"तोडशील आन् मग?" मामा म्हणाले. "परक्या गावात हायस. उद्या हितंच बसायचंय."

मेंढ्या एकमेकींत तोंडं खुपसून घट्ट गोळा झाल्या. मग बाहेरच्या कडेची एक गुडघ्यावर बसली. मामांनी जाऊन तिला उभं केलं. "ऊठ गं मोरे. ऊठ माझी बाय." ती उभी राहिली. तोवर दुसरी बसली. ते तिच्याकडं गेले. मागं मोरी पुन्हा बसली. पुढं सारा दिवस हे असंच चाललं. बाप आणि लेक वाकून वाकून मेंढ्या उचलत होते, नावानं हाका मारत होते, पोती झाडून त्यांच्या पाठी पुसत होते, आणि एकीला उभं करावं तर दोघी बसत होत्या.

आमच्याकडं एकच मोठा प्लॅस्टिकचा कागद होता. तो मी बाभळीच्या बुंध्याला बांधून, खाली दगड लावून, ईश्वरीला छातीशी घेऊन बसले होते. दुपार कलली तेव्हा तिचे ओठ निळसर झालेले मला दिसले. मी पदर सोडून बघितला, तोही ओला. घोंगडी ओली. अंगावर कोरडं असं काही उरलंच नव्हतं.

"मामा!" मी ओरडले. "मामा, पोर गार पडतीय!"

ते आले. वाकून तिच्याकडं पाहिलं. मग गेले आणि कोकरांचं डालगं, तो मोठा विणलेला टोपला, उचलून घेऊन आले. ते डालगं त्यांनी सकाळीच बांधाच्या आडोशाला पोत्यानं झाकून ठेवलं होतं. आत आठदहा कोकरं एकमेकांवर रचल्यासारखी बसली होती. कागदाखाली डालगं सरकवलं आणि कोकरं दोन्ही हातांनी बाजूला करत म्हणाले, "मधी ठिव तिला."

"मामा, त्यांच्यात? अंगावर चढतील, नाक दाबलं जाईल..."

"मधी ठिव. हात काढू नगंस."

मी ठेवलं. कोकरं हलली, कुरकुरली, आणि तिच्याभोवती पुन्हा घट्ट झाली. मी एक हात आत खुपसून तिच्या नाकाशी धरला. फोन भिजून बंद पडला होता. घड्याळ नव्हतं. श्वास येत होता की नाही एवढंच कळत होतं, किती ते कळत नव्हतं. बोटांना आधी कोकरांची ऊब लागली. बऱ्याच वेळानं तिची लागली. मी मान वर केली तेव्हा अंधारून येत होतं आणि मामा अजून वाकलेलेच होते.

सकाळी ऊन पडलं. इतकं चकचकीत, की त्याचा राग यावा. खाचरात जिकडंतिकडं मेंढ्या पडल्या होत्या, काही एकीवर एक, तशाच गोळा होऊन. उभ्या होत्या त्या लांब ओढ्याकडच्या बांधाला लागून, हलत नव्हत्या. मायाप्पा खाली बसला होता आणि त्याच्या मांडीवर एका मेलेल्या मेंढीचं डोकं होतं.

दुपारी पंचनाम्याला माणसं आली. तलाठी, एक वयस्कर डॉक्टर आणि त्यांच्याबरोबर शिरसाट. तो मोटारसायकल लावून बांधावरच उभा राहिला. खाली यायला त्याला वेळ लागला.

डॉक्टर चांगले होते. चपला काढून चिखलात उतरले, मेंढ्या तपासल्या, मामांच्या खांद्यावर हात ठेवला. मग शिरसाटला म्हणाले, "यांची नोंद काढा."

शिरसाटनं काढली. वाचून दाखवलं नाही. टॅब त्यांच्यापुढं धरला.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "साठ?" त्यांनी रानाकडं पाहिलं. "पडलेल्याच नव्वदला येतील की हो."

"सर, त्या वेळी..." शिरसाट बोलायला लागला.

"आणि त्या उभ्या आहेत त्या किती?"

"गोठ्यातल्या धरून चाळीस, सर. मघाशी मोजल्या."

तलाठ्यांनी वही उघडली. ते मामांना समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाबा, मी तुमच्या विरोधात नाही. पण मला वर उत्तर द्यावं लागतं. नोंद साठाची. उभ्या चाळीस. म्हणजे मेल्या वीस. हो का नाही?"

मामांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग रानाकडं. "ह्या पडल्यात न्हवं का ह्या," ते म्हणाले.

"पडल्यात. दिसतंय मला. पण साठातनं नव्वद मरतात कशा? उद्या मला म्हणतील, चार गावच्या मेलेल्या मेंढ्या एका रानात आणून टाकल्या."

"कोन आणंल? माझ्याच हायत."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

मी पुढं झाले. म्हटलं, "साहेब, आमच्यात आकडा सांगत नाहीत. पूर्वीपासून. हे बघा, प्रत्येकीच्या कानाला आमचीच खूण आहे."

"ताई, हे मला कळतं. ते कागदाला कसं कळावं?" त्यांचा आवाजही खाली आला होता. कुणीच कुणावर ओरडत नव्हतं. ओरडलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

तेव्हा मामा चालू लागले. पहिल्या मेंढीपाशी थांबले आणि त्यांनी तिच्याकडं सरळ बोट केलं. मी त्यांना तसं बोट करताना कधी पाहिलं नव्हतं. "ही मोरी," म्हणाले. "ही मोरीची लेक. ही काळतोंडी, हिला कोल्ह्यानं धरली हुती. ही बांडी. ही बांडीची भन..."

"बाबा," तलाठी म्हणाले, "नावं नकोत. आकडा सांगा. मी निदान शेरा मारून ठेवतो."

मामा थांबले. त्यांना पुढं येत नव्हतं. एकेक करून मोजायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. ते माझ्याकडं वळले.

"सारे, तू मोज."

"मामा..."

"मोज. बोट करून मोज. आता काय व्हायचं ऱ्हायलंय?"

मी ईश्वरीला प्लॅस्टिकच्या कागदावर, डालग्यापाशी, उन्हात बसवलं आणि मोजायला लागले. एक. दोन. मोठ्यानं, कारण तलाठी लिहून घेत होते. माझा आवाज वर्गात पाढे म्हणावेत तसा येत होता. मामा माझ्यामागून चालत होते, प्रत्येक आकड्याला मान हलवत. मायाप्पानं एकदा कान झाकून घेतले. मी एकीवर एक पडलेल्या वेगळ्या करून मोजल्या, ओढ्यात गेलेल्या मोजल्या, खाचरांचा एक फेरा पुरा करून परत बाभळीपाशी आले. शेवटची मेंढी बाभळीच्या मुळाशी होती.

"एक्क्याण्णव," मी म्हटलं.

आणि बोट तसंच पुढं सरकलं. मोजायची लय लागलेली असते, तसं. पुढं कागद होता. कागदावर, डालग्यातनं बाहेर आलेल्या कोकरांच्या मध्ये, ईश्वरी बसली होती. एका कोकराचा कान तिनं मुठीत धरला होता. तिनं माझ्या बोटाकडं पाहिलं आणि हसली.

पुढचा आकडा माझ्या जिभेवर आलेला होता.

मी बोट मिटलं. दुसऱ्या हातानं घट्ट धरून खाली केलं.

"बरोबर?" तलाठ्यांनी विचारलं. "एक्क्याण्णव?"

मामांनी मान हलवली. ते मेंढ्यांकडं बघत नव्हते. माझ्या मुठीकडं बघत होते.

शेरा मारला गेला. पुढं त्याचं काही झालं नाही. भरपाई मंजूर झाली ती विसांचीच. शिरसाट दोनदा तालुक्याला आमच्याबरोबर आला, स्वतःच्या खर्चानं. तिसऱ्यांदा मामाच नको म्हणाले. उरलेल्या मेंढ्या आम्ही पाव्हण्यांच्या खांडात सोडल्या आणि गावी परत आलो. मायाप्पा आता फलटणला दुधाच्या टेम्पोवर आहे. घोडी विकली.

ईश्वरी यंदा दुसरीला गेली. तिच्या पाठीवर मुलगा आहे, तीन वर्षांचा. थंडीत ढग आले की मी अजून दोघांच्या अंथरुणाशी जाऊन उभी राहते, पण श्वास मोजत नाही. नुसता हात धरते नाकाशी.

परवा दारात एक मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मामा ओट्यावर खाटेवर बसले होते. त्यांना आता कमी दिसतं.

"आजोबा, जनावरं किती?"

"शेरडं अकरा," मामा ताडकन म्हणाले. "दोन बोकडं, नऊ शेळ्या. त्यातल्या चार गाभण्या. कोंबड्या सात. आन् करडं पाच, तीबी धरा. आत यिऊन मोजा पायजे तर."

तिनं सगळं टिपलं. खूश झाली. मग माझ्याकडं वळली. अंगणात दोघंही मातीत खेळत होती. ईश्वरी भावाला ओरडत होती आणि तो ऐकत नव्हता.

"ताई, मुलं किती?"

साधा प्रश्न होता. मी तोंड उघडलं. मामांनी खाटेवरून माझ्या दिशेनं मान वळवली आणि ऐकत राहिले.

"आहेत की," मी म्हटलं. "बस ना गं. चहा टाकते."